कंसातली माणसं

आधीच माफी मागतो. कोळी सरांबद्दल लिहायचा अधिकार खरं तर माझा नाही. त्यांच्याबरोबर पंचवीस-तीस वर्षं काम केलेली माणसं आहेत, त्यांना लहानपणापासून पाहिलेले नातेवाईक आहेत. मी त्यांना जेमतेम दोन वर्षं ओळखत होतो, तेही कामापुरतं. शिवाय परीक्षेतली उत्तरं सोडली तर सलग चार पानं मी कधी लिहिलेली नाहीत. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि तेही नोकरी सांभाळून, मुक्त विद्यापीठातून, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी... पण सरांच्या बाराव्याला त्यांच्या मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा तुमच्याकडे नक्की काय करायचे हो? घरी कधी सांगितलंच नाही त्यांनी. विचारलं की म्हणायचे, सामान हलवतो." मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. दुसरं कारण माझ्या एका चुकीचं आहे. ती सरांनी कोणाला कळू दिली नाही, आणि मीही आजवर कुठे बोललो नाही.

वाशीला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी केसपेपरच्या काउंटरवर बसतो. नाव विचारायचं, गाव विचारायचं, जुनी नोंद शोधायची, कागद काढून द्यायचा. तीस वर्षांच्या पेशंटच्या नोंदी एका जुन्या सर्व्हरवर होत्या. जिन्याखालच्या खोलीत तो घरघरत असायचा, आणि एसी बंद पडला की आम्ही त्याच्यासमोर टेबलफॅन लावायचो. या सगळ्या नोंदी महाप्याच्या एका कंपनीतल्या नव्या सर्व्हरवर न्यायच्या ठरल्या. अडचण एवढीच की हॉस्पिटल बंद ठेवता येत नाही. दुकानाला 'स्टॉक मोजणी चालू आहे' अशी पाटी लावता येते, बाळंतीण बाईला ती दाखवता येत नाही. कोळी सर नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर एका कंपनीत डेटाबेस सांभाळलेला माणूस. ट्रस्टनं या कामासाठी त्यांना बोलावून घेतलं.

पहिल्या दिवशी सर सर्व्हरच्या खोलीत गेलेच नाहीत. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले ते दोन दिवस नुसते बसले. कोण येतं, किती वाजता गर्दी होते, कधी ओसरते, हे एका छोट्या वहीत लिहीत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "शिकलास किती?" मी म्हटलं, "शिकतोय, सर. दुसरं वर्ष." "म्हणजे पदवीधर." "अजून नाही, सर." "होशील ना? मग आतापासून सवय कर." तेव्हापासून मी पदवीधर. चारचौघांत हाक मारायचे, "काय पदवीधर, डबा खाल्लास?" पहिल्यांदा मला ते टोमण्यासारखं वाटलं. नंतर त्या हाकेची वाट पाहायला लागलो.

त्यांनी मला काम समजावलं ते असं. समज, घर बदलायचंय, पण घरात रोज पन्नास माणसं जेवतात. एक दिवस उपास घडवता येत नाही. मग काय करायचं? जुन्या घरात चूल चालूच ठेवायची. नव्या घरी तशीच भांडी, तसाच शिधा, सगळं मांडून घ्यायचं. मग इकडे एक वाटी नवी आली की तिकडेही एक पोचवायची, रोज, न चुकता. दोन्ही घरं अगदी सारखी झाली की एक दिवस जेवणं आटोपल्यावर इकडची चूल विझवायची आणि तिकडची पेटवायची. मधे जेवढा वेळ जाईल तेवढाच काय तो उपास. "आणि जुन्या घराला हात लावायचा नाही," ते म्हणाले, "नव्यात काही चुकलं तर परत यायला जागा पाहिजे." त्यांनी शाळेतल्या मुलांची असते तशी एक दगडी पाटी आणली होती, लाकडी चौकटीची. तिच्यावर मधे उभी रेघ. सकाळी साडेनवाला डावीकडे जुन्या सर्व्हरवरच्या नोंदींचा आकडा, उजवीकडे नव्याचा. कंपनीतून आलेले इंजिनियर हसायचे. त्यांच्या स्क्रीनवर हे सगळं आपोआप दिसत होतं. सर म्हणायचे, "दिसतं ते खरंय. पण हातानं लिहिलं की डोक्यात जातं."

माझ्याकडे नावं सुधारायचं काम दिलं होतं. तीस वर्षांत काउंटरवर किती जण बसून गेले, प्रत्येकाची टायपिंगची पद्धत वेगळी. कोणी म्हात्रे लिहिलं, कोणी मात्रे. तेवढं एकसारखं करायचं, बस. पण आमच्या खाडीकाठच्या गावांच्या नोंदींमध्ये आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे एकेका गावात एकच आडनाव, आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे एका नावाची चार-चार माणसं. मग जुन्या क्लार्क लोकांनी नावापुढे कंसात गावातली ओळख लिहून ठेवली होती. मिठागरवाला. शाळेजवळचा. लंगड्याचा पोर. कोंबडीवाली. बोबडा. एकदा ही यादी छापून कंपनीत गेली, तेव्हा तिथला एक जण मोठ्यानं वाचून दाखवत होता आणि बाकीचे हसत होते. यादी पोचवायला गेलेला मी दारातच उभा होतो. त्या यादीत माझ्या वडिलांचंही नाव होतं, कंसात रेतीवाला. वडील तरुणपणी खाडीतून रेती काढायचे... मी जागेवर आलो आणि पुढचे आठ-दहा दिवस यादीतले सगळे कंस एकेक करून काढून टाकले. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, मी आमच्या लोकांना नीटनेटकं करतोय.

ती यादी नव्या सर्व्हरवर चढली. एकाच माणसाच्या चुकून दोन नोंदी झाल्या असतील तर त्यांची एक करायची, असा नियम तिथे आधीच लावलेला होता. नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की एक. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख कोणाला ठाऊक असते? सगळ्यांची एक जून. वर्षही अंदाजानं, साठ नाहीतर पासष्ट. कंस होते तोवर नावं तरी वेगळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर उजवीकडचा आकडा चारशेच्या आसपास कमी भरला. चूल बदलायची तारीख आठ दिवसांवर होती. कंपनीचे प्रमुख म्हणाले, "कोळी साहेब, डुप्लिकेट गेले. चांगलंच झालं की." सर पाटीकडे बघत म्हणाले, "कमी झाले ते कोण?" "चारशे बारा." "आकडा नको. नावं सांगा."

नावं छापून आली. सर माझ्या शेजारी बसून एकेक मोठ्यानं वाचू लागले. काशिनाथ बाळ्या म्हात्रे, वय अमुक, गाव आमचंच... आमच्या गावात काशिनाथ बाळ्या म्हात्रे दोन आहेत. एक मिठागरवाला, एक शाळेजवळचा. दोघंही जिवंत, आणि त्याच सकाळी त्यांतल्या एकाला मी स्वतः केसपेपर दिला होता. जुन्या नोंदीत शाळेजवळच्या काशिनाथकाकांना पेनिसिलिन चालत नाही असं लाल अक्षरांत होतं. नव्या सर्व्हरवर दोघांचा एक माणूस झाला होता, आणि त्याला सगळं चालत होतं. आठ दिवसांनी तिकडची चूल पेटली असती, तर काकांना ते इंजेक्शन कोणीही देऊ शकलं असतं. त्यात नर्सची काही चूक नसती.

त्या दिवशी घरी गेलो, जेवलो नाही. आई म्हणाली, "ताप हाय का रं?" दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी जाऊन उभा राहिलो. पाटी पुसून ठेवत ते म्हणाले, "बोल, पदवीधर." मी सांगितलं, कंस मी काढले. त्यांनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "लाज वाटली, सर." त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाले, "कोणाची?"

रागावले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून मधे ठेवली आणि मोऱ्याची गोष्ट सांगितली. उरणजवळच्या मोरा बंदरावरचं त्यांचं घर. लहान असताना गल्लीतल्या बायका त्यांना संध्याकाळी धक्क्यावर धाडायच्या, होड्या आल्या का बघायला. गल्लीतल्या आठ होड्या. ते मोजायचे आणि धावत येऊन सांगायचे, आठ. बायका तव्याकडे वळायच्या. एका संध्याकाळी वारा फार होता. ते धावत आले आणि म्हणाले, सात. सगळ्या बायका उंबऱ्यात आल्या. "कोनाची नाय?" सर म्हणाले, "मला सांगता येईना. मी नुसतं मोजलं होतं. बघितलं नव्हतं. धक्का लांब, परत जाऊन येईपर्यंत त्या सगळ्याजणी... प्रत्येकीला आपलीच वाटली असेल ना." मी विचारलं, कोणाची होती? "आमची नव्हती," ते म्हणाले, आणि पुडी गुंडाळून टोपलीत टाकली. "चल. जुनं घर आहे अजून. कंस तिथेच आहेत."

जुन्या सर्व्हरला आम्ही हात लावला नव्हता, म्हणून सगळं परत मिळालं. कंपनीतल्या पोरांनी तो नियम काढला आणि चारशे बारा नोंदी पुन्हा सुट्या केल्या. पण सर तेवढ्यावर थांबले नाहीत. काही ठिकाणी जुन्या क्लार्कनीही कंस लिहिला नव्हता, तिथे कोण कोणता याचा पत्ता नव्हता. अशी आणि काही खटकणाऱ्या कंसांची, मिळून सव्वाशे नावं घेऊन सर एका शनिवारी आमच्या गावात आले. बजावून ठेवलं होतं, "आजार कोणाला काय, एक अक्षर नाही. फक्त माणूस कोणता, तेवढंच." कागदावरही नुसती नावंच होती. देवळाच्या ओट्यावर माझी आत्या तांदूळ निवडत बसली होती. सरांनी नाव वाचलं, आणि आत्या सूप न थांबवता म्हणाली, "कनचा हरी? एक टाकीजवलचा हाय, एक पोलिसवाला हाय, न एक गेला मागच्या साली." "पोलिसात होता का?" "कशाचा पोलिस. पोलिसाला बघून पलला व्हता येकदा, तवापासून." ओट्यावरच्या बाया हसल्या. सर लिहीत होते. मग बोबड्याचं नाव आलं. आत्याचे हात थांबले. "त्यो आता चांगला बोलतो. त्यालाच इचारा काय लिवायचं तं." सरांनी त्या नावापुढे रिकामी जागा ठेवली. निघताना आत्यानं त्यांना विचारलं, "तुमी कोनाचे?" "मोऱ्याचे. कोळी." "हां, मंग ठीक हाय," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "ह्याला जरा शिकवा. पुस्तकं वाचतं न आपल्याच आजाला वलखत नाय." सर परतताना अख्ख्या रस्ताभर हसत होते.

नव्या सर्व्हरवर त्यांनी एक वेगळा रकाना करायला लावला. त्याचं नाव 'ओळख'. तो केसपेपरवर छापला जायचा नाही, यादीतही दिसायचा नाही. नोंद उघडली तरच काउंटरवरच्या माणसाला दिसायचा, आणि त्यात काय लिहायचं ते त्या माणसालाच विचारून. या सगळ्यात तारीख तीन आठवडे पुढे गेली. त्याची मीटिंग झाली, मी पाठीमागे फाइली घेऊन उभा होतो. ट्रस्टचे लोक चिडले होते. उशीर का, कोणामुळे? सर म्हणाले, "मोजणी जमली नव्हती. आता जमली." एवढंच. कंपनीच्या प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. त्या वेळी एक पाऊल पुढे यायला हवं होतं, ते मी आलो नाही. ते पाऊल आज, इथे टाकतोय. ती चूक माझी होती.

असली कामं सगळीकडे मध्यरात्री करतात, गर्दी नसते म्हणून. सरांनी दुपार निवडली. त्यांच्या वहीप्रमाणे अडीच ते तीन या वेळात काउंटरवर सगळ्यात कमी माणसं असायची, सकाळची ओपीडी संपलेली आणि संध्याकाळची सुरू व्हायची. "ओहोटी संपते आणि भरती लागायची असते, तेव्हा पाणी जरा वेळ थांबतं," ते म्हणाले. "तेव्हा होडी वळवायची. आणि दिवसा करायचं, डॉक्टर जागे असताना. चुकलंच तर विचारायला माणूस पाहिजे." त्या दिवशीही ते सर्व्हरजवळ गेले नाहीत, माझ्या शेजारीच बसले. अडीचला जुन्यावर नवीन लिहिणं बंद झालं. आम्ही कोऱ्या कागदावर हातानं नावं घेऊ लागलो. तेवढ्यात एक आजी आल्या, रिपोर्ट घ्यायला. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा. "दहा मिन्टात माझी बस जाईल. तुमचं मशीन नेमी आमच्याच टायमाला कसं मरतं?" सर उठून उभे राहिले. "मेलं नाही, आजी. घर बदलतोय. सामान पोचलंय, चूल पेटवायचीय." आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग पेटवा की. बघत काय बसलाव?" पलीकडून फोनवर आकडे आले. सरांनी पाटीवर डावीकडे लिहिला, उजवीकडे लिहिला. जुळले. "काशिनाथ बाळ्या उघड," ते मला म्हणाले. उघडले. दोन. एकापुढे लाल अक्षरं. सरांनी मान हलवली, फोनवर "हो" म्हणाले. अकरा मिनिटं लागली होती. आजींना रिपोर्ट मिळाला आणि बसही मिळाली.

मग गंमत म्हणून मला म्हणाले, "आता माझं नाव टाक. हरिश्चंद्र गोविंद कोळी, मोरा." चार आले. "यातला मी कोणता, ओळख." मी एकावर बोट नेलं, तर त्यांनी माझा हात धरला. "असं उघडून नाही. आम्हालाही लहानपणीचं एक नाव आहे गावात. तुझ्या कंसांबरोबर तेही उडालं होतं." काय आहे, सर? "पदवी मिळाली की सांगीन." मी ठरवलं असतं तर कुठल्याही दिवशी उघडून पाहू शकलो असतो. पाहिलं नाही. सरांनी सांगायचं कबूल केलं होतं.

त्यांचं काम संपलं. जाताना पाटी माझ्याकडे ठेवली. आता सर्व्हर एकच होता, तरी मी रोज साडेनवाला पाटीवर आकडे लिहायचो, डावीकडे कालचा, उजवीकडे आजचा. गेल्या दिवाळीनंतर एकदा मोऱ्याला जाऊन आलो. सर धक्क्याच्या कठड्यावर बसले होते. मुंबईहून लाँच येत होती, बाजूला होड्या लागत होत्या, आणि माझ्याशी बोलता बोलता त्यांचे ओठ हलत होते. मी म्हटलं, "अजून मोजता, सर?" "मोजत नाही रे. बघतो." निघताना म्हणाले, "मार्कशीट घेऊन ये. पापलेट खाऊ घालतो. नापास झालास तर बोंबील."

निकाल एका शुक्रवारी लागला. पास झालो. रविवारी मोऱ्याला जायचं होतं, पण चुलतभावाची हळद होती आणि आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. मार्कशीटची प्रिंट काढून बॅगेत ठेवली. सोमवारी सकाळी काउंटरवर आलो, पाटी पुसली. रोज सकाळी, पेशंट गेला म्हणून बंद झालेल्या नोंदींची यादी येते. आमच्या इथली, आणि ट्रस्टच्या उरणच्या छोट्या केंद्रातलीही. नोंद बंद झाली तरी काढून टाकत नाहीत, त्यामुळे आकडा कमी होत नाही. यादीत तिसरं नाव होतं, हरिश्चंद्र गोविंद कोळी, मोरा. मी मनाशी म्हटलं, चार आहेत. पाटीवर डावीकडचा आकडा लिहिला. चार आहेत, त्यांतले कोणीतरी... उजवीकडचाही लिहिला. मग समोरच्या बाईंना जरा थांबा म्हटलं आणि ती नोंद उघडली.

ओळखीच्या रकान्यात लिहिलं होतं, होड्या मोजनारा.